सेटिंग्जची झेरॉक्स

मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी! पण हे सांगायलाच हवं.

मॉडेल विमानाचे पंख थर्माकोलमधून कापायला आम्ही रूमवरच हॉट-वायर सीएनसी बनवलं. पंख मुळाशी रुंद, टोकाला निमुळता, त्यामुळे तारेची दोन्ही टोकं वेगवेगळी पळवावी लागतात, म्हणजे चार अक्ष. साध्या जीआरबीएलमध्ये तीनच. म्हणून आर्डुइनो मेगावर मेगा-५एक्स टाकलं. इथवर ठीक.

एका मिलिमीटरला किती स्टेप्स, हा आकडा मात्र सीनियरच्या पेनड्राइव्हमधून जसाच्या तसा उचलला. १६००. मशीनला १० मिमी सांगितले, ते ४० मिमी धावलं. तार फ्रेममध्ये अडकून तुटली. रात्री दोन वाजता!

आमच्या स्क्रूचा पिच २ मिमी, पण स्टार्ट चार, म्हणजे लीड ८. मोटरच्या २०० स्टेप्स, गुणिले १६ मायक्रोस्टेप्स, भागिले ८: बरोबर ४००. गंमत म्हणजे पिच आणि लीडमधला फरक मी व्हायव्हाला घडाघडा सांगितला होता!

माझं स्पष्ट मत: सीनियर्सनी फाइल देऊ नये, गणित द्यावं. आणि सरांनी व्याख्या विचारण्यापेक्षा स्क्रू हातात देऊन आकडा काढायला लावावा.

नवी तार उद्या येतेय. पट्टी घेऊन कोण येतंय?