चित्र काढायला आयपॅडच लागतो, हे कोणी ठरवलं?

मंडळी, दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. यंदा त्यात 'डिजिटल आर्ट'ची भर पडलीय. शिकवा की, चांगलंच आहे. पण एका क्लासने पालकांच्या हातात जी यादी ठेवलीय, तिच्यात आयपॅड 'आवश्यक' आहे. त्याची पेन्सिल वेगळी विकत घ्यायची, बरं का! दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या पुढे. जमत नसेल तर हप्ते पाडून देतात म्हणे. बी-बियाण्याला पैसे जुळवायच्या दिवसांत हा हप्ता!

ही गरज नाही, ही विक्री आहे. स्पष्टच बोलतो.

नवशिक्या पोराला लागतो तो साधा पेन टॅबलेट. काळी पाटी, सोबत पेन. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची, हात पाटीवर चालतो, चित्र पडद्यावर उमटतं. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांचे सुरुवातीचे मॉडेल पाच हजारांच्या आत मिळतात. पेनला बॅटरी नाही, चार्जिंगची कटकट नाही. पहिले आठ-पंधरा दिवस हात एकीकडे, नजर दुसरीकडे, म्हणून पोरगं वैतागेल. वैतागू द्या. माउस पहिल्यांदा धरला तेव्हा आपणही वैतागलोच होतो.

सॉफ्टवेअर? क्रिता पूर्ण फुकट आहे, चोरून टाकायची गरज नाही. क्लासवाले म्हणतील, प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं. खरंय. पण लेयर, ब्रश, पेनच्या दाबाप्रमाणे जाड-बारीक होणारी रेघ, हे सगळं क्रितातही आहे. ज्याला अजून हाताचा पंजा नीट काढता येत नाही, त्याचं घोडं प्रोक्रिएटवाचून अडलेलं नसतं.

घेताना एवढं बघा. जाहिरातीत पाटीचा पूर्ण आकार देतात. पेन प्रत्यक्ष चालतो तो भाग किती ते विचारा. साधारण ६ बाय ४ इंच सुरुवातीला पुरे. दाबाच्या ८१९२ पातळ्या वगैरे आकड्यांना भुलू नका, २०४८ वाल्यावरही झकास काम होतं. घरी कॉम्प्युटर नसेल तर ओटीजीने अँड्रॉइड मोबाइलवर चालणारं मॉडेल घ्या, पण आपल्या मोबाइलवर चालतं का ते दुकानातच जोडून बघा. आणि हो, तीन-चारशे रुपयांची ती 'एलसीडी रायटिंग पॅड' कॉम्प्युटरला जोडताच येत नाही. बटण दाबलं की चित्र गायब. बाळाला खेळायला ठीक.

आता जरा मोठा मुद्दा. आपली पोरं एलिमेंटरी, इंटरमिजिएट देतात, ग्रेड आणतात, दहावीला वाढीव गुण मिळवतात आणि तिथेच चित्रकला संपते. फ्लेक्स आले नि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं काम गेलं. त्या फ्लेक्सच्या दुकानातला पोरगा आज माउसने शिवाजी महाराजांचा जिरेटोप काढत बसतो. त्याच्या हातात पेन द्यायचं सोडून आपण काय करतोय, तर ज्याच्या बापाला हप्ता झेपेल त्यालाच कला शिकवतोय.

शाळांतल्या कॉम्प्युटर लॅब बघा. धूळ खात पडल्यात. एका आयपॅड-पेन्सिलच्या पैशात आठ-दहा पेन टॅबलेट येतात, आख्खा वर्ग आळीपाळीने शिकेल. कॉम्प्युटर जुना असला तरी छोटी चित्रं निघतात. शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्यांनी पुढच्या बैठकीत विषय घ्यावा. माजी विद्यार्थी मेळाव्यात हारतुरे थोडे कमी केले तरी निम्मे पैसे निघतील.

क्लासवाल्यांना काही म्हणायचं असेल तर कमेंट उघडी आहे. यादीत 'आवश्यक' लिहिलंय ना, ते नेमकं कोणत्या चित्रासाठी, तेवढं सांगा.