आजार मुलाचा, नमुने तिघांचे. देयक कोणाच्या नावावर?

जनुकीय चाचण्यांचे तंत्र गेल्या दशकात झपाट्याने पुढे गेले. त्यांच्या खर्चाचा हिशेब मांडण्याची पद्धत मात्र मागेच राहिली. जन्मजात व्यंग, बौद्धिक विकासातील विलंब किंवा कारण न उमगलेले झटके असलेल्या मुलाची तपासणी करताना आता अनेकदा केवळ मुलाचा नमुना घेऊन भागत नाही. आई आणि वडील यांचेही नमुने त्याच्यासोबत तपासले जातात. या तिहेरी तपासणीला ‘ट्रायो’ चाचणी म्हणतात. रुग्ण एक आणि नमुने तीन, असे तिचे स्वरूप आहे. उलट आरोग्यविम्याची जवळजवळ सारी व्यवस्था एक रुग्ण, एक आजार, एक दावा या गृहीतकावर उभी आहे. या विसंगतीची किंमत अखेर कुटुंबाच्या खिशातून वसूल होते.

तिघांचे नमुने कशासाठी, हे समजून घेतल्याशिवाय देयकाचा वाद समजत नाही. प्रथिने घडवणारा जनुकसंचाचा भाग, म्हणजेच एक्झोम, एकूण संचाच्या अवघा एक ते दोन टक्के असतो. त्यात सुमारे २० हजार जनुके येतात. पूर्णतः निरोगी व्यक्तीच्या एक्झोममध्येही प्रमाण क्रमाहून वेगळे असे हजारो बदल आढळतात. त्यांतील नेमका कोणता बदल आजाराचे मूळ आहे, हे शोधताना आई-वडिलांचा क्रम कसोटीसारखा उपयोगी पडतो. एखादा बदल दोघांतही नसेल, तर तो मुलात नव्याने उद्भवला असण्याची शक्यता बळावते. दोघांकडून एकेक सदोष प्रत आलेली असेल, तर पुढील प्रत्येक अपत्याला तोच आजार होण्याची शक्यता चारात एक इतकी असते. थोडक्यात, आई-वडिलांचा क्रम ही त्यांच्या स्वतःच्या आजाराची तपासणी नसते. मुलाचा अहवाल वाचण्याचे ते साधन असते.

हा भेद देयकाच्या भाषेत आणण्याचे काम अमेरिकेने २०१५ मध्ये केले. तेथील वैद्यकीय सेवांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सीपीटी’ संकेतांकांत त्या वर्षी एक्झोम आणि संपूर्ण जनुकसंच यांच्या क्रमनिर्धारणासाठी स्वतंत्र संकेतांक आले. रुग्णाच्या एक्झोमसाठी ८१४१५ आणि तुलनेसाठी तपासलेल्या प्रत्येक नातलगाच्या एक्झोमसाठी ८१४१६. दुसरा संकेतांक एकटा वापरता येत नाही. तो मुख्य चाचणीला जोडूनच लावावा लागतो. त्यामुळे आई-वडिलांच्या नमुन्यांचा खर्च मुलाच्याच दाव्यात, मुलाच्याच निदानाखाली येतो. आईच्या नावाने वेगळा दावा केला असता, तर तिला कोणताही आजार नाही, या कारणावरून तो नाकारला गेला असता. पूर्वीच्या क्रमाची नव्या ज्ञानाच्या आधारे फेरतपासणी करण्यासाठीही ८१४१७ हा वेगळा संकेतांक आहे. जनुकांविषयीचे ज्ञान वर्षागणिक वाढत असल्याने आज अनुत्तरित राहिलेला अहवाल काही वर्षांनी उत्तर देऊ शकतो, याची ती दखल आहे.

अर्थात संकेतांक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. मेडिकेअरच्या प्रयोगशाळा दरपत्रकात रुग्णाच्या एक्झोमला ४,७८० डॉलर, तर तुलनेच्या एक्झोमला १२,००० डॉलर असा दर लावला गेला. मुख्य चाचणीपेक्षा पूरक चाचणी अडीचपट महाग, असा हा उफराटा हिशेब दर ठरवण्याच्या प्रक्रियेतील उणिवा उघड करतो. शिवाय खासगी विमा कंपन्यांची पूर्वपरवानगी आणि प्रत्येक राज्याच्या मेडिकेडचे वेगवेगळे निकष हे अडथळे आहेतच. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जीनोमिक्सने २०२१ मध्ये जन्मजात व्यंग वा विकासविलंब असलेल्या मुलांसाठी ही तपासणी पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातच करावी, अशी शिफारस केली. तरीही परवानगीसाठीचा पत्रव्यवहार संपलेला नाही.

भारताच्या दृष्टीने यातील विरोधाभास बोलका आहे. अमेरिकी रुग्णालयांची देयके संकेतांकांत बसवण्याचे काम करणारे हजारो तरुण चेन्नई, हैदराबाद, मुंबई, पुणे येथील कार्यालयांत बसतात. तुलनेच्या एक्झोमचा संकेतांक कोठे आणि कसा लावायचा, हे ज्ञान आपल्याकडे आहे. भारतीय आई-वडिलांच्या नमुन्याला मात्र येथील दाव्यांच्या व्यवस्थेत स्वतःची अशी जागा नाही.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पण ते रुग्णालयातील भरतीशी बांधलेले आहे. भरतीपूर्वीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस यांपलीकडील बाह्यरुग्ण तपासण्या त्यात बसत नाहीत. जनुकीय निदान तर बहुतांशी बाह्यरुग्ण विभागातच होते. खासगी विम्यात नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांतील ‘एक्सक्ल ०४’ हे कलम केवळ तपासणीसाठी झालेल्या भरतीचा खर्च वगळण्यास मुभा देते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ मध्ये जनुकीय आजाराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे विमा नियामकाने कंपन्यांना बजावले होते. परंतु उपचाराचे दार उघडले, तरी निदानाचे बंदच राहिले. योजना कुटुंबाची, पॉलिसीही कुटुंबाची. कुटुंबावर आधारलेली चाचणी तेवढी दोहोंच्या बाहेर, अशी ही स्थिती आहे.

याचा थेट परिणाम राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणावर होतो. २०२१ च्या या धोरणात पुढील वर्षी सुधारणा होऊन उत्कृष्टता केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. दिल्लीतील एम्स, लखनौची संजय गांधी संस्था, चंदीगडची पीजीआय, मुंबईचे केईएम रुग्णालय अशा केंद्रांना तपासणीच्या सोयींसाठीही निधी देण्याचे ठरले. मात्र साहाय्य मिळण्यासाठी आधी आजाराचे नाव निश्चित व्हावे लागते. केंद्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाला ते नाव खासगी प्रयोगशाळेतून स्वखर्चाने मिळवावे लागत असेल, तर ५० लाखांची तरतूद त्याच्यासाठी कागदावरच राहते.

सरसकट तिघांची तपासणी सरकारी खर्चाने करावी, असा याचा अर्थ नाही. अनेक प्रकरणांत आधी केवळ मुलाचा एक्झोम तपासून, संशयित बदल सापडल्यावर तेवढाच आई-वडिलांत पाहणे पुरेसे आणि कमी खर्चाचे ठरते. अत्यवस्थ नवजात बालकाच्या बाबतीत मात्र ही टप्प्याटप्प्याची वाट परवडणारी नसते. कोणत्या रुग्णाला कोणता मार्ग, हे वैद्यकीय निकषांनी ठरावे. आज ते पालकांच्या ऐपतीवर ठरते.

दुसरी सावधगिरी गोपनीयतेची. मुलासाठी दिलेल्या नमुन्यातून आई-वडिलांच्या स्वतःच्या भावी आजारांचे संकेत मिळू शकतात. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावास मनाई केली. आयुर्विमा मात्र त्याबाहेर राहिला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. नमुना मुलाच्या दाव्यात नोंदला जाणार असेल, तर त्यातून निघालेली माहिती आई-वडिलांच्या विम्याविरुद्ध वापरली जाणार नाही, ही हमी त्याच नियमात असली पाहिजे.

या सुधारणेला मोठ्या निधीची नव्हे, तर आधी एका स्पष्ट व्याख्येची गरज आहे. नातलगाचा तुलनात्मक नमुना हा रुग्णाच्याच निदानाचा भाग मानावा, त्याला स्वतंत्र संकेतांक आणि वाजवी दर द्यावा, तसेच फेरतपासणीची तरतूद असावी. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि विमा नियामक यांनी एवढे ठरवले, तरी देशात अशा किती चाचण्या होतात, किती दावे नाकारले जातात आणि किती मुलांना उत्तर मिळते, याची मोजदाद सुरू होऊ शकेल. जे संकेतांकात नाही ते आकडेवारीत येत नाही, आणि आकडेवारीत नसलेल्या गरजेसाठी अर्थसंकल्पात तरतूद होत नाही.