विमान एका तासाचं, पण आपल्या डाळजहून किती?

मंडळी, परवा शेजारचे आबा फोन घेऊनच घरी आले. पोराने त्यात दाखवलं होतं : सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 360 किलोमीटर, वेळ तासाच्या आसपास. आबांना परळला टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीला जायचंय. म्हणाले, "पत्रकार, एवढ्या जवळ असेल तर विमानानेच जातो की!"

मग आम्ही ओट्यावर बसून हिशेब मांडला.

डाळजहून सोलापूरचा विमानतळ 135-140 किलोमीटर. तोही मुंबईकडे पाठ करून! म्हणजे दोन-सव्वादोन तास. तिथे तासभर आधी हजर राहायचं. मग विमानाचा तास. उतरल्यावर सामान, टॅक्सी आणि परळपर्यंतचं ट्रॅफिक, धरा आणखी दीड तास. झाले की साडेपाच-पावणेसहा तास. आणि सरळ गाडीने पुणेमार्गे परळ? अंतर साधारण 260 किलोमीटर, वेळ जवळपास तेवढाच. आबा म्हणाले, "मग मधल्या मधे हवेत कशाला जायचं?"

खरं तर 360 किलोमीटर जेट विमानाला अर्ध्या तासाचं काम. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरायला रांग लागते ती म्हणून.

सोलापूरकरांचा आनंद मात्र मला कळतो. त्या विमानतळासाठी 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा सोलापुरात घराघरांत दोन तट पडले होते. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं आणि 15 ऑक्टोबरला मुंबईचं. प्रवासी कमी पडले तर कंपनीला तोटा होऊ नये म्हणून सरकार मदतही देणार आहे. द्यावी. सोलापूरच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो, त्याला कोण नाही म्हणेल?

माझा मुद्दा मधल्यांचा आहे. लोहगाव शंभरावर किलोमीटर, सोलापूर त्याहून लांब. आपण बरोब्बर मधे अडकलोय. आणि आपल्या उशाला काय आहे? भिगवण स्टेशन! डाळजहून दहा-पंधरा मिनिटं. लाईन दुहेरी झाली, वीज आली. फेब्रुवारी 2023 पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत तिथूनच धडधडत जाते, पण थांबत नाही. एक थांबा म्हणजे गाडीची चार-पाच मिनिटं. त्यात इंदापूर-बारामतीच्या पेशंटचे, कॉलेजच्या पोरांचे, भिगवणच्या मासळीवाल्यांचे किती तास वाचतील, हा हिशेब कुणी कधी केलाय का? सरकारला हवेतल्या रिकाम्या खुर्चीची काळजी आहे, जमिनीवरच्या उभ्या माणसाची कधी करणार?

वेगवान गाडीला इतके थांबे परवडत नाहीत, असं उत्तर येईल. मान्य. मग वंदे भारत राहू द्या, पण सकाळी मुंबईला जाणारी आणि संध्याकाळी परतणारी एखादी एक्सप्रेस तरी द्या.

आबा गुरुवारी पहाटे तीनला पुतण्याच्या गाडीने निघतायत. मी रविवारी सकाळी नऊपासून भिगवण स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर निवेदनाचा कागद घेऊन बसतोय. सहीला या. येताना मागच्या सहा महिन्यांत मुंबईला कितीदा आणि कसे गेलात, तेवढं लिहून आणा.