रथाच्या गर्दीत ॲम्ब्युलन्सचा फोन आधी कसा लागेल?

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा मोबाईलवर नेटवर्कचे सगळे दांडे दिसत असतात, पण कॉल काही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या मेसेजपुढचं घड्याळ हलत नाही. आपली फार तर चुकामूक होते. पण त्याच गर्दीत ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर असतो, बंदोबस्तावरचा पोलीस असतो, नगरपरिषदेचा वायरमन असतो. पोलिसाकडे वॉकीटॉकी असेलही, बाकीच्यांच्या खिशात तुमच्या-माझ्यासारखंच सिम असतं.

दांडे फक्त सिग्नलची ताकद सांगतात, टॉवरवर जागा आहे का ते सांगत नाहीत. कॉल जोडण्याआधी फोनला टॉवरकडे 'मला जागा दे' अशी विनंती करावी लागते. हजारो फोन एकदम विनंती करू लागले की त्या एकमेकींवर आदळतात, फोन पुन्हा प्रयत्न करतात आणि गर्दी आणखी वाढते. (2023 मध्ये मोठ्याने वाजलेला सरकारी टेस्ट अलर्ट यात अडकत नाही, कारण तो टॉवर सगळ्यांना एकदमच पाठवतो. पण त्याला उत्तर देता येत नाही.)

यावर अमेरिकेने 2012 मध्ये कायदा करून 'फर्स्टनेट' उभं केलं. पोलीस, अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्ससाठी 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यात राखीव 20 मेगाहर्ट्झ, सुरुवातीला 7 अब्ज डॉलर, आणि 2017 मध्ये एटी अँड टी कंपनीशी 25 वर्षांचा करार. मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. टॉवर कुठे, कव्हरेज कुठवर आणि स्थानिक लोकांपैकी प्राधान्य कुणाला, यावर राज्यांशी आणि स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करणं कायद्यातच लिहिलं होतं.

आपल्याकडे ट्रायने जून 2018 मध्ये अशाच एलटीई नेटवर्कची शिफारस केली. राखीव स्पेक्ट्रम, आणि चालवायला गृह मंत्रालयाखाली स्वतंत्र कंपनी. म्हसवडसारख्या गावासाठी वेगळे टॉवर उभारणं मला तरी परवडणारं वाटत नाही, वर्षातले बरेच दिवस ते रिकामेच राहतील. आहे त्याच नेटवर्कवर काही सिमना पुढे जाऊ देणं जास्त व्यवहार्य आहे. सोय तयार आहे: सिममध्ये 11 ते 15 असे खास वर्ग असतात, त्यातला 14 हा आपत्कालीन सेवांचा. टॉवरने साध्या सिमना थोडा वेळ थांबवलं तरी या वर्गाला वाट मिळू शकते. दूरसंचार कायदा 2023 च्या कलम 20 नुसार सरकारला आणीबाणीच्या वेळी 'अधिकृत' वापरकर्त्यांचे संदेश आधी पोचवण्याची व्यवस्था करता येते.

खरी मेख 'अधिकृत' या शब्दात आहे. ही यादी मुंबईत बसून केली तर तहसीलदार आणि पोलीस निरीक्षक त्यात येतीलच. पण रथाच्या वाटेवरची वीज बंद करणारा वायरमन, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, माणगंगेला पाणी आल्यावर पुलावर उभा राहणारा शिपाई? ही माणसं नगरपरिषदेलाच माहीत असतात.

त्यासाठी नव्या कायद्याची गरजही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 31 म्हणतं की जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून करायचा. कलम 32 नुसार त्या संस्थांनी स्वतःचाही करायचा. 2025 च्या दुरुस्तीने शहरांसाठी वेगळं प्राधिकरण आणलं, पण ते राजधान्या आणि महापालिकांपुरतं. म्हणजे म्हसवडला सध्या हाच दरवाजा आहे. आराखड्यात फोन नंबरांच्या यादीबरोबर गर्दीच्या जागा, सिग्नल न मिळणाऱ्या वाड्यावस्त्या आणि वीज गेल्यावर कोणता टॉवर किती तास टिकतो, एवढं आलं तरी कंपन्यांशी बोलायला हातात काहीतरी असेल.

एक अडचण राहते. जिल्ह्याचा आराखडा साताऱ्यात तयार होऊन राज्य प्राधिकरणाकडे मंजुरीला जातो, आणि म्हसवड तर जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. पलीकडे सांगलीचं आटपाडी, सोलापूरचं माळशिरस. टॉवरला जिल्ह्याची हद्द कळत नाही, मदतीला येणारी गाडी आटपाडीहूनही येऊ शकते. तिच्या ड्रायव्हरचं सिम साताऱ्याच्या यादीत कोण घालणार? आणि कंत्राटी ड्रायव्हर वर्षात बदलतो, त्यामुळे प्राधान्य माणसाच्या नंबरला न देता गाडीतच राहणाऱ्या सिमला द्यावं लागेल.