शांततेचे पस्तीस हजार

‘कानातले’ घ्यायचे म्हटले की आपल्याकडे एके काळी सराफाची पेढी डोळ्यांसमोर यायची. आता हा शब्द घरात कानावर पडला तर तो सासूबाईंनी उच्चारला की नातवाने, हे आधी पाहावे लागते. सासूबाईंच्या कानातल्यांची किंमत सोन्याच्या भावावर ठरते आणि तो भाव सकाळच्या पेपरात छापून येतो. नातवाच्या कानातल्यांची किंमत कशावर ठरते, हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही. ॲपल कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ‘एअरपॉड्स मॅक्स’ नावाचा बिनतारी हेडफोन जाहीर केला, तेव्हा त्याची भारतातली किंमत ५९,९०० रुपये होती. सोनीच्या ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम५’ या हेडफोनवर २०२२ साली ३४,९९० रुपये ही किंमत छापलेली होती. त्याच दुकानात, त्याच काउंटरवर, दीड-दोन हजारांतही बिनतारी हेडफोन मिळतो आणि त्यातूनही गाणे ऐकू येते. मग वरचे तीस-पस्तीस हजार कशाचे?

हा प्रश्न चैनीचा वाटेल, पण तो तसा राहिलेला नाही. कॉलेजात जाणारी मुले, घरातून ऑफिसचे काम करणारी सून, रोज तीन-चार तास प्रवास करणारा जावई अशा सगळ्यांच्या मागण्यांच्या यादीत ही वस्तू आलेली आहे आणि ती बहुधा हप्त्यांवर घेतली जाते. मध्यमवर्गीय घरात एका महिन्याचा किराणा आणि शाळेची फी भागेल एवढी रक्कम कानाला लावायची, तर हिशेब विचारायलाच हवा.

पहिले उत्तर ठरलेले असते : आवाज चांगला असतो. हे उत्तर दिसते तितके भक्कम नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोन मोजून पाहिले. खर्जापासून टिपेपर्यंतचे सूर एखादा हेडफोन किती समतोलपणे पोचवतो आणि त्याची किंमत काय, यांचा काही मेळ बसतो का, हे त्याला पाहायचे होते. मेळ बसला नाही. म्हणजे महाग हेडफोन वाईट असतो असे नव्हे. पण किमतीच्या चिठ्ठीवरून सुराची खात्री देता येत नाही.

त्यातही बिनतारीपणाची एक स्वतंत्र अडचण आहे. सीडीवरचे संगीत सेकंदाला सुमारे १४ लाख बिट एवढ्या माहितीने वाहते. ब्लूटूथची जी सर्वसाधारण पद्धत जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते, तिच्यातून त्यातले फार तर सव्वातीन लाखांच्या आसपास जातात. सोनीची ‘एलडॅक’ ही पद्धत नऊ लाख नव्वद हजारांपर्यंत पोचते, तेही फोन आणि हेडफोन दोघांनाही ती येत असेल तर. बाकीचे गाळावे लागते. हे गाळण्याचे काम इतक्या हुशारीने होते की बसमध्ये बसलेल्या माणसाला फरक कळू नये, हे मी मान्य करतो. पण गंमत पाहा. एप्रिल २०२५ मध्ये ॲपलने आपल्या नव्या ‘एअरपॉड्स मॅक्स’ला काहीही न गाळता संगीत ऐकवण्याची सोय दिली. ती मिळवण्यासाठी करायचे काय, तर हेडफोनला वायर जोडायची! वायर तोडण्यासाठी साठ हजार मोजलेल्या माणसाला उत्तम आवाजासाठी पुन्हा वायर घ्यावी लागावी, यावर अधिक काय लिहिणार?

आणि जे मुळात ध्वनिमुद्रणातच नाही, ते कोणताही हेडफोन आणून देऊ शकत नाही. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते घेतलेले गाणे आणि सुयांची खरखर. ती तबकडी दोन हजारांच्या हेडफोनमधून ऐकली काय आणि साठ हजारांच्या ऐकली काय, खरखर तेवढीच; महागड्या हेडफोनमध्ये ती जरा जास्त स्वच्छ ऐकू येते, इतकेच. नुसते गाणे ऐकायचे असेल, घरी निवांत खोली असेल, तर चार-पाच हजारांचा वायरवाला चांगला हेडफोन पुष्कळ झाला, असे माझे मत आहे.

पण निवांत खोली असेल तर. सगळी मेख इथे आहे.

या वरच्या तीस हजारांत आपण मुख्यतः संगीत विकत घेतच नाही. आपण शांतता विकत घेतो. तिचा इतिहास मजेदार आहे आणि त्यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. एका आवाजाने दुसरा आवाज खोडून काढण्याची कल्पना पाउल ल्यूग या जर्मन माणसाची. तिचे अमेरिकन पेटंट त्याला १९३६ साली मिळाले. ती कानापर्यंत आणली अमर बोस यांनी. ननीगोपाल बोस हे बंगाली क्रांतिकारक इंग्रजांच्या पोलिसांना चुकवून अमेरिकेत गेले, त्यांचा हा मुलगा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शाळकरी वयात, त्याने रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला आणि १९६४ साली त्याने स्वतःची कंपनी काढली. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेला हेडफोन त्याने कानाला लावला, तर इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकूच येईना. त्या प्रवासातच त्याने कागदावर गणिते मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा हेडफोन बाजारात यायला १९८९ साल उजाडले आणि तुमच्याआमच्यासाठीचा यायला २०००. पहिल्या गणितापासून तुमच्या कानापर्यंत बावीस वर्षे!

युक्ती ऐकायला सोपी आहे. हेडफोनवरचे छोटे मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट टिपतात, आतले यंत्र त्याची नेमकी उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा एकमेकींना गिळतात. पण ही युक्ती सगळ्या आवाजांवर सारखी चालत नाही. इंजिनाची घरघर, एसीची घुमघुम, पंख्याचा आवाज हे खालच्या पट्टीतले आणि एकसुरी. सेकंदाला शंभर कंपनांच्या आवाजाची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तेव्हा तिची उलटी प्रत वेळेवर कानाशी पोचवायला सवड मिळते. तीन हजार कंपनांची लाट जेमतेम अकरा सेंटिमीटरची. तिथे किंचितशी चूक झाली तरी हिशेब फसतो. म्हणून विमान आणि वातानुकूलित डबा जादूने शांत होतो; कुकरची शिट्टी, अचानक वाजलेला हॉर्न आणि शेजारच्या बाकावरची चर्चा उरते. ती अडवायची ती कानावरच्या गादीने. स्वस्त हेडफोनवरही हल्ली आवाज खोडण्याची सोय आहे, असे खोक्यावर लिहिलेले असते. फरक पडतो तो ती किती खोडते यात, आणि इथे मात्र महागड्या हेडफोनचे पैसे बऱ्यापैकी कामी आलेले जाणवतात.

आता जरा हेडफोनच्या बाहेर पाहू. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे. रुग्णालये आणि शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्याला हे आकडे वाचून हसू येईल. लग्नाची वरात, उत्सवाच्या भिंती, बांधकामाचा ड्रिलर, रिव्हर्स घेताना गाणे म्हणणाऱ्या मोटारी यांना डेसिबल कोणी समजावायचे? बेस्टला २०२३ साली फर्मान काढावे लागले, की बसमध्ये हेडफोन न लावता मोबाइल मोठ्याने वाजवू नये. जी शांतता कायद्याने सगळ्यांची आहे, ती प्रत्यक्षात पस्तीस हजार भरणाऱ्याला, त्याच्या दोन कानांपुरती मिळते. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रस्त्याकडेच्या टपरीवरचा मुलगा, ढोलपथकासमोर बंदोबस्ताला असलेली शिपाईबाई यांच्यासाठी ती नाही. आणि ज्यांना गोंगाटाची तक्रार करण्याइतका आवाज समाजात आहे, तेच कान झाकून बसले तर तक्रार करायची कोणी? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत खटकते ते हे. किंमत नंतर.

तरीही मी हा हेडफोन घेणाऱ्याला नावे ठेवणार नाही. दोन खोल्यांच्या घरात एकीकडे मालिका, दुसरीकडे मीटिंग आणि मध्ये दहावीची परीक्षा अशी अवस्था २०२० च्या टाळेबंदीत घराघरांनी अनुभवली आहे. शिवाय आरोग्याचा मुद्दा आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर आवाज सरासरी ८० डेसिबलपर्यंत ठेवावा. लोकलमध्ये साधा हेडफोन लावला की बाहेरच्या खडखडाटावर मात करायला माणूस आवाज वाढवत जातो. बाहेरचा गोंगाट कमी झाला तर बेताच्या आवाजातही ऐकू येते. अट एवढीच, की तो बेत आपण खरोखर पाळला पाहिजे. आणि रस्ता किंवा रुळाजवळून चालताना कान मोकळे हवेत, हे घरातल्या मोठ्यांनी मुलांना दहादा सांगितले तरी कमी आहे.

एकटेपणाचीही एक बाजू आहे. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी आला, तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती आणि एकमेकांशी बोलण्यासाठी एक नारिंगी बटण. एकट्यानेच ऐकणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, असे अकिओ मोरिता यांना वाटले होते. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गळाले. गिऱ्हाइकांना त्याची गरज वाटली नाही.

आता पुन्हा सराफाच्या पेढीकडे. सोन्याची कानातली सुनेला जातात, तिच्याकडून नातसुनेला. अडीअडचणीला मोडताही येतात. बिनतारी हेडफोनला बॅटरी असते आणि लिथियमची बॅटरी पहिल्या दिवसापासून म्हातारी होत असते. काही शे वेळा चार्ज झाल्यावर ती आधीइतकी टिकत नाही. कानात घालायच्या इवल्याशा बोंडांत बॅटरी इतकी लहान आणि अशी चिकटवलेली असते की दुरुस्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. माझ्याकडच्या एका नामांकित कंपनीच्या बोंडांनी तिसऱ्या वर्षी मान टाकली, तेव्हा सेवाकेंद्रातल्या तरुणाने बॅटरी बदलून मिळत नाही असे सांगितले आणि नव्या संचावर सवलत देऊ केली. आवाज तोपर्यंत ठणठणीत होता. रेडिओ दुरुस्त करून घर चालवायला मदत केलेल्या मुलाच्या गणितातून निघालेल्या वस्तूची ही गत!

म्हणून पस्तीस हजारांच्या हेडफोनचे आयुष्य चार वर्षे धरावे, असे मला वाटते. दिवसाला चोवीस रुपये पडतात. रोज तीन तास गोंगाटात प्रवास करणारा, किंवा भर वस्तीत बसून डोके चालवायचे काम करणारा माणूस हे चोवीस रुपये वसूल करतो. रात्री झोपताना अर्धा तास गाणी ऐकणारा करत नाही. त्याच्यासाठी खिडकी लावून घेणे स्वस्त. ज्यांना ऐकू कमी येते अशा आजी-आजोबांसाठी म्हणून कोणी घेणार असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या ‘एअरपॉड्स प्रो’च्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली आहे, पण ती सौम्य ते मध्यम बहिरेपणापुरती.

युरोपीय संघाने केलेल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंची बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. ज्यांची खरेदी दिवाळीपर्यंत थांबू शकते त्यांनी थांबावे. ज्यांची थांबू शकत नाही त्यांनी दुकानदाराला आवाजाबद्दल काही न विचारता, बॅटरी कोण बदलून देते आणि किती रुपयांत, एवढे आधी विचारून घ्यावे, आणि उत्तर बिलावर लिहून मागावे.