वाळवंटाला कधी जावे?

आमच्या शेजारचे नाना पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, त्याला बारा वर्षे लोटली. त्यांचा धाकटा मुलगा तुर्कमेनिस्तानात, अश्गाबाद या राजधानीच्या शहरी, एका बांधकाम कंपनीत नोकरीस आहे. "आईबाबा, एकदा येऊन जा," हा त्याचा तीन वर्षांचा आग्रह. दोनदा बेत ठरला आणि दोन्ही वेळा "सध्या ऋतू बरा नाही" एवढ्या कारणावरून मोडला. मध्यंतरी नानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. अतिउष्ण आणि अतिशीत हवेपासून जपा, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

आषाढातल्या एका पावसाळी संध्याकाळी नाना आणि माई नकाशा घेऊनच आमच्याकडे आले. "सर, तुम्हीच आता निकाल द्या. वाळवंटाला कधी जावे?"

नानांचे मत जानेवारीचे. "जैसलमेरला आम्ही डिसेंबरात गेलो होतो. काय सुरेख हवा होती! वाळवंट पाहावे ते हिवाळ्यातच." माईंचे मत मे महिन्याचे. नातवंडांना तेव्हा सुट्टी असते, शिवाय मुलासाठी आंबे नेता येतात.

भूगोल हा माझा विषय नव्हे. मी आयुष्यभर मराठी शिकवले. तथापि मुख्याध्यापकाला सर्व विषय येतात, अशी आमच्या वसाहतीत एक समजूत आहे. ती मोडण्यापेक्षा दोन दिवस ग्रंथालयात बसणे मला सोपे वाटले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपैकी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

नानांची चूक ही आपणा सर्वांचीच चूक आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थान उभे राहते. तेथे पाऊस पडतो तो आपल्यासारखाच, पावसाळ्यात. हिवाळा कोरडा, सौम्य आणि सुखद असतो. तुर्कमेनिस्तानातील कराकुम म्हणजे 'काळी वाळू'. हे वाळवंट सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर पसरले आहे. आपला मध्यप्रदेश त्यात मावून जागा उरेल. देशाचा सुमारे सत्तर टक्के भाग त्यानेच व्यापला आहे. अश्गाबाद श्रीनगरच्याही उत्तरेला येते. आपला मोसमी पाऊस तेथवर पोचत नाही. तेथे पाणी येते ते पश्चिमेकडून, हिवाळ्यात आणि वसंतात. उत्तरेस आडवा पर्वत नसल्यामुळे सायबेरियाकडील गार वारे थेट खाली उतरतात. जानेवारीत अश्गाबादला दिवसाचे तापमान आठ-नऊ अंश, रात्रीचे शून्याच्या आसपास. उत्तरेकडे दशोगुझच्या बाजूला थंडी याहून कडक. जैसलमेरच्या अनुभवावर विसंबून एक स्वेटर घेऊन निघालेला माणूस तेथे फसल्याशिवाय राहणार नाही.

उन्हाळ्याचे वर्णन लांबवण्याचे कारण नाही. जुलैत कमाल तापमानाची सरासरीच अडतीस अंशांच्या घरात असते आणि चाळिशी ओलांडणे ही नित्याची गोष्ट. आपल्याकडे जशी लू वाहते, तसा तेथे कोपेत दाग पर्वताच्या पायथ्याशी 'गरमसील' नावाचा कोरडा, तप्त वारा वाहतो. मेचा पहिला पंधरवडा सोसण्याजोगा असतो, नंतर पारा चढत जातो. एक मात्र खरे की, हाच तेथील खरबुजांचा हंगाम. १९९४ पासून ऑगस्टचा दुसरा रविवार तेथे खरबुजांचा दिवस म्हणून साजरा होतो. माईंना म्हणालो, "तुम्ही आंबे नेण्याचे म्हणता, पण ते लोक तुम्हाला खरबुजे खाऊ घालून जिंकतील."

खरा वैभवाचा काळ म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंतचा वसंत. २१ व २२ मार्चला नवरोजचा सण. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अश्वदिन, कारण अखल-टेके जातीचा घोडा हा त्या राष्ट्राचा अभिमान आहे आणि त्यांच्या राजचिन्हावरही तो विराजमान आहे. एप्रिलात दिवसाचे तापमान चोवीस-पंचवीस अंश. वाळूवर गवत उगवते, तांबडी खसखशीची फुले आणि रानट्यूलिप उमलतात. ही शोभा जेमतेम काही आठवड्यांची. तेथील रानकासव या बाबतीत मोठे शहाणे. वर्षातले सुमारे तीन महिने, म्हणजे हिरवळ असेतोवर, ते बाहेर हिंडते. उन्हाळा आणि हिवाळा मात्र बिळात झोपून काढते. वाळवंटाचा उत्तम ऋतू कोणता, हे त्याच्याइतके नेमके कोण सांगणार? उणीव एवढीच की, पाऊसही याच दिवसांत येतो. सपाट चिकणमातीची 'ताकीर' मैदाने उन्हात फरशीसारखी टणक असतात, पण भिजली की गाडीची चाके घसरू लागतात. पूर्वीचे तुर्कमेन याच मैदानांवरचे पावसाचे पाणी खड्ड्यांत साठवून वर्षभर पुरवीत.

पाण्याचा विषय निघताच नाना सरसावून बसले. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्यांनी खात्यात असताना आत उतरून पाहिला आहे. भूगर्भातील पाणी उताराने शहराकडे आणणारी ती बोगद्यांची रचना अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली. आणि या रहीमचा पिता बैरामखान तुर्कमेन वंशाचा. कोपेत दागच्या पायथ्याच्या गावांनाही अशाच भूमिगत कालव्यांचे, 'कारिझां'चे पाणी मिळत असे. पुढे १९५४ मध्ये अमू दर्या नदीपासून कराकुम कालव्याचे खोदकाम सुरू झाले आणि १९६२ मध्ये त्याचे पाणी अश्गाबादला पोचले. हे सर्व डोळ्यांनी पाहावे, आणि पूर्वेला मर्वचे अवशेषही पाहावेत, ही नानांची इच्छा. मर्व हे एकेकाळी जगातील थोर नगरांपैकी एक. १२२१ मध्ये मोंगोल सैन्याने ते उद्ध्वस्त केले. सुलतान संजरची बाराव्या शतकातील कबर मात्र उभी आहे. त्या उघड्या माळावर सावली जवळजवळ नाही. म्हणून नानांसारख्या माणसाने तेथे जावे ते वसंतात, नाहीतर शरदात.

राहिला शरद ऋतू. सप्टेंबरात दुपारी अजून ऊन तापते. ऑक्टोबरात मात्र दिवस एप्रिलसारखेच, चोवीस अंशांच्या आसपास. रात्री गार, आकाश निरभ्र, रस्ते कोरडे. शेतांतून कापूस वेचणी चाललेली असते, बाजारात द्राक्षे व डाळिंबे येतात. नोव्हेंबर सरता सरता थंडी पुन्हा पाऊल टाकते.

एवढे सांगून मी निर्णय दिला, "एप्रिल. त्याला तोड नाही."

नानांनी मान डोलावली. माई मात्र बोटांवर महिने मोजीत होत्या. "म्हणजे अजून नऊ महिने. सर, त्याच्या आधी कोणता बरा?"

"ऑक्टोबर. पण तेव्हा हिरवळ नाही, फुले नाहीत, कासवेसुद्धा झोपलेली."

"मला कासवे कुठे बघायची आहेत? मुलगा बघायचा आहे. तो तर ऑक्टोबरातही जागा असेल ना?"

मी निरुत्तर झालो. दोन दिवस ग्रंथालयात बसून मी त्या देशाचा सर्वोत्तम ऋतू शोधत होतो. सत्तरी उलटलेल्या, एक झटका सोसलेल्या माणसाने नऊ महिने थांबणे म्हणजे काय, हा हिशेब माझ्या कागदावर नव्हता. माईंच्या बोटांवर होता. आधीचे दोन बेतही असेच, चांगल्यासाठी थांबण्यात गेले होते. प्रवासाचा ऋतू निवडताना त्या प्रदेशाची हवा पाहावी, हे खरेच. परंतु आपण कशासाठी जात आहो, हे त्याआधी पाहावे. केवळ वाळवंटच पाहायचे असेल त्याने एप्रिलची वाट खुशाल पाहावी. ज्याला माणसे भेटायची आहेत, त्याने आपल्या प्रकृतीला सोसेल असा सर्वांत जवळचा महिना धरावा.

व्हिसाच्या पूर्ततेला काही आठवडे जातात. म्हणून नानांनी दुसऱ्याच दिवशी मुलाला कळवून कागदपत्रांची तयारी सुरू केली आहे. डॉक्टरांनीही ऑक्टोबरला संमती दिली. आंब्यांचा बेत अर्थातच रद्द झाला. यंदा माईंच्या घरी दिवाळीचा फराळ दसऱ्यालाच होणार आहे. चकल्या प्रवासात मोडतील की काय, एवढीच चिंता आता उरली आहे.