फेणीचा कस कशाने ठरतो?

भट्टीच्या नळीतून पडणाऱ्या धारेत मद्यार्क किती आहे, हा प्रश्न गोव्यात दर वर्षी मार्च ते मे या काजूच्या हंगामात भट्टीगणिक उभा राहतो. कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या कुंडात, काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबतो, मग भाणात, म्हणजे गाळण्याच्या भांड्यात, उकळला जातो. पहिल्या खेपेला निघतो तो सौम्य उर्राक. उर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की फेणी उतरते. उर्राक कुठे संपतो, फेणी कुठे जमते, धार कधी तोडायची आणि बाटलीवर कोणता आकडा घालायचा, हे सगळे मद्यार्काच्या मोजमापावर अवलंबून असते. या मोजमापाबद्दल दोन ठाम मते आढळतात. एका मताप्रमाणे मुरलेल्या भट्टीवाल्याची नजर आणि जीभ पुरे, यंत्र हवे कशाला? दुसऱ्या मताप्रमाणे जुनी पारख म्हणजे निव्वळ अडाणीपणा; काचेची मोजनळी धारेत सोडली की सत्य हाती आले. ही दोन्ही मते अपुरी आहेत, आणि दुसरे पहिल्याइतकेच नुकसान करते.

आधी जुन्या पारखेचा दावा पाहू. फेणी उंचावरून पेल्यात ओतली की कडेला मण्यांसारखे बुडबुडे जमतात. ते बराच वेळ टिकले तर कस चांगला, लगेच फुटले तर दारू पातळ, असे मानले जाते. यात तथ्य आहे. मेक्सिकोत मेस्कल गाळणारे हीच परीक्षा वेताच्या नळीने घेतात, आणि तिथल्या ‘मोत्यां’वर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिचे भौतिकशास्त्र तपासले गेले. मद्यार्क पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना बुडबुडे सर्वांत जास्त टिकतात. तो त्याहून कमी किंवा जास्त झाला की बुडबुडे लवकर फुटतात, असे त्यात दिसले. पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण प्रयोगशाळेत खरे ठरले, हे नाकारण्याचे कारण नाही. परीक्षेच्या मर्यादाही त्याच संशोधनातून कळतात. बुडबुड्याचे आयुष्य नुसत्या मद्यार्कावर ठरत नाही. द्रवात उतरलेली, पृष्ठताण बदलणारी सेंद्रिय द्रव्ये ते कित्येक पटींनी वाढवतात. अशी द्रव्ये फळाप्रमाणे आणि भांड्याप्रमाणे कमीजास्त होतात, आणि बाहेरून मुद्दाम घालताही येतात. शिवाय बुडबुडे लवकर फुटले याचे दोन अर्थ निघतात: दारू फार सौम्य आहे, किंवा फार कडक. उतरत्या धारेची दिशा माहीत असलेला भट्टीवाला यातला अर्थ बरोबर लावतो. दुकानातून आणलेली बाटली हलवून पाहणाऱ्याला तो लागत नाही.

ज्योतीच्या परीक्षेचा पाया याहून कच्चा आहे. चमचाभर फेणी पेटवायची, निळी ज्योत धरली तर माल अस्सल, असे सांगतात. पण द्रव पेट घेतो की नाही हे मद्यार्काइतकेच तापमानावर ठरते. चाळीस टक्के मद्यार्काच्या द्रवावरची वाफ सुमारे 26 अंश सेल्सियसला पेट घेऊ शकते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी उत्तीर्ण होणारी दारू जानेवारीच्या पहाटे नापास होईल, आणि कस दोन्ही वेळी एकच असेल. इंग्लंडमध्ये बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवण्याची अशीच रीत होती. तिथेही किती मद्य ओतले यावर निकाल बदले: जास्त ओतले तर मद्यार्क जळून मागे राहिलेले पाणी दारूगोळा ओला करी. त्या रीतीतूनच ‘प्रूफ’ हे माप आले, पण ब्रिटिश सरकारने कर आकारायला ती रीत ठेवली नाही. 1816 च्या कायद्याने साइक्सचे पितळी हायड्रोमीटर अधिकृत केले. त्याच्या पेटीत वजने होती, थर्मामीटर होता, आणि तापमानाप्रमाणे दुरुस्ती करण्याची कोष्टके सोबत होती. भारतातील अबकारी खात्यांनीही हेच उपकरण दीर्घकाळ वापरले. भारतीय बाटल्यांवर आजही दिसणारा 42.8 टक्के हा आकडा त्याच पद्धतीचा वारसा आहे. ब्रिटिश मापात 57.15 टक्के म्हणजे 100 प्रूफ, आणि त्याचे 75 अंश म्हणजे जवळजवळ 42.8 टक्के. अमेरिकी प्रूफ वेगळे, टक्केवारीच्या नेमके दुप्पट. म्हणून अमेरिकेतले 80 प्रूफ म्हणजे 40 टक्के, तर ब्रिटिश 80 म्हणजे पावणेसेहेचाळीसच्या जवळ. परदेशी पुस्तकातला आकडा तसाच उचलणाऱ्याची फसगत इथे होते.

अशीच गल्लत गोव्यात ‘ग्राव’ या मापाबद्दल होते. चांगली फेणी 19 ते 20 ग्रावांची, उर्राक त्याहून कमी, असे भट्टीवर बोलतात. ऐकणारा ग्राव म्हणजे टक्के समजतो आणि फेणी बिअरच्या तिप्पट-चौपटच असेल असा हिशेब करतो. हा हिशेब चुकीचा आहे. 19-20 ग्रावांच्या फेणीत मद्यार्क 42 ते 45 टक्क्यांच्या घरात असतो. ग्राव हे वेगळ्या श्रेणीचे अंश आहेत. त्या अंशांची वाढ टक्क्यांच्या वाढीला समांतर चालत नाही, त्यामुळे ग्रावांना ठरावीक आकड्याने गुणून टक्के काढण्याची युक्तीही टिकत नाही. जुने माप टाकून द्यावे असा याचा अर्थ नाही; भट्टीवर बोलताना ते सोयीचे आणि पुरते अचूक आहे. मात्र बाटलीवर टक्के लिहायचे असतील तर टक्के मोजले पाहिजेत.

आता मोजनळीच्या भक्तांकडे वळू. गे-ल्युसाकने 1824 साली थेट टक्के दाखवणारा अल्कोहोलमीटर सिद्ध केला, तो 15 अंश तापमानासाठी. आज बाजारात मिळणाऱ्या नळ्या बहुधा 20 अंशांसाठी आखलेल्या असतात, आणि तसे त्यांच्यावर लिहिलेले असते. ती ओळ वाचली जात नाही, सारा घोटाळा तिथेच होतो. नळी मद्यार्क मोजत नाही, घनता मोजते. पाण्याची घनता एकच्या जवळ, शुद्ध मद्यार्काची 0.789, मिश्रण जितके हलके तितकी नळी खोल बुडते. द्रव तापला की तोही हलका होतो, आणि नळीला मद्यार्क वाढल्याचा भास होतो. भट्टीवर नुकत्याच जमलेल्या, 33 अंशांच्या फेणीत 20 अंशांची नळी सोडली आणि ती 45 दाखवू लागली, तर खरा मद्यार्क सुमारे 40 टक्केच असतो. पाच टक्क्यांचा हा फरक म्हणजे फेणी आणि पातळ केलेली फेणी यांतला फरक आहे. नळीशेजारी थर्मामीटर आणि हाताशी दुरुस्तीचे कोष्टक नसेल तर यंत्राचा आकडा अनुभवी जिभेच्या अंदाजाहून वाईट, कारण जीभ चुकू शकते हे सगळ्यांना ठाऊक असते, काचेवरच्या आकड्यावर मात्र कोणी शंका घेत नाही.

नळी वाचायलाही शिस्त लागते. उंच, अरुंद भांडे हवे. नळी काठाला टेकलेली नको. दांडीवर चढलेला द्रवाचा कडा न वाचता सपाट पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायची. नळीला चिकटलेला एखादा बुडबुडाही तिला वर उचलतो आणि कस कमी दाखवतो.

याहून मोठी अडचण साखरेची. नळी फक्त पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणासाठी आखलेली आहे. आंबलेल्या रसात उरलेली साखर, मसाला-फेणीत घातलेला गूळ किंवा पाक यांनी द्रव जड होतो आणि मद्यार्क प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. लिटरमागे दहा ग्रॅम साखरेने चाळीस टक्क्यांच्या फेणीचे वाचन दोन टक्क्यांहून जास्त खाली येते. अशा द्रवाचे माप घ्यायचे तर ठरावीक आकारमानाचा नमुना पुन्हा गाळावा लागतो, निघालेल्या मद्यात पाणी घालून मूळ आकारमान पुरे करावे लागते, आणि मग मोजावे लागते. आंबलेल्या रसात थेट अल्कोहोलमीटर बुडवून मिळणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

सर्वांत घातक समज सुरक्षिततेचा आहे. कस बरोबर निघाला, ज्योत निळी आली, म्हणजे दारू पिण्याजोगी, हा समज जीव घेतो. मिथेनॉलची घनता 0.792, पिण्याच्या मद्यार्काच्या इतकी जवळ की नळीला दोघांतला भेद कळणे अशक्य. मिथेनॉलची ज्योतही फिकट निळीच असते. बुडबुडे, जीभ, वास, यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. अशा दुर्घटनांत विष बहुधा भाणात तयार होत नाही. औद्योगिक मिथेनॉल स्वस्त पडते म्हणून दारूत मिसळले जाते. फळांतल्या पेक्टिनपासून थोडे मिथेनॉल आपोआपही बनते, आणि ‘पहिली धार फेकली की ते गेले’ असे सांगितले जाते. पहिली धार फेकावी हे खरे, कारण तिच्यात उग्र, हलकी द्रव्ये एकवटतात. पण पाण्यासोबत उकळणारे मिथेनॉल सगळ्या धारेत पसरून येते, त्यामुळे पहिली धार फेकण्याला मिथेनॉलची चाचणी समजणे चूक आहे. ती चाचणी प्रयोगशाळेत रसायनांनी किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीनेच होते. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे. अशा चोरट्या भट्टीचा माल प्रयोगशाळेपर्यंत कधीच पोचत नाही, आणि चोरट्या दारूचा खरा धोका या न तपासलेपणात आहे. गोव्यात परवान्यावर चालणाऱ्या भट्ट्यांना, किंवा न्यूझीलंडसारख्या देशात जिथे 1996 पासून स्वतःपुरते गाळायला मुभा आहे तिथल्या हौशी लोकांना, निदान उघडपणे मोजता आणि तपासता येते.

म्हणून पारख, नळी आणि प्रयोगशाळा यांना एकमेकांच्या जागी बसवण्याचा वाद सोडून प्रत्येकीला तिचा प्रश्न द्यायला हवा. धार कुठे तोडायची, शेवटची आंबट, पाणचट धार कधी सुरू झाली, काजूचा वास कधी खुलला, हे भट्टीवाल्याचे नाक आणि पेल्यातले मणी सांगतात. त्या क्षणी कोष्टक उघडायला वेळ नसतो. काजू-फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच हातोटीसाठी, आणि ती जपलीच पाहिजे. पण फेणी आता शेजारच्या गावात ओळखीने विकली जाण्यापुरती उरलेली नाही. पूर्वी गिऱ्हाईक भट्टीवाल्याला ओळखत होते आणि माल सौम्य निघाला तर दारात येऊन सांगत होते. अनोळखी गिऱ्हाइकाला फक्त बाटलीवरचा आकडा दिसतो. तो आकडा तापमानाची दुरुस्ती केलेल्या नळीचाच असायला हवा, आणि पिण्याजोगेपणाचा निर्णय प्रयोगशाळेचा.

बाटलीवरचा आकडा शेवटी पाणी घालून जमवला जातो, आणि तिथे अंकगणितही फसवते. साठ टक्क्यांचा एक लिटर माल 42.8 वर आणायचा तर सरळ हिशेबाने सुमारे 402 मिलिलिटर पाणी लागेल असे वाटते. पण मद्यार्क आणि पाणी मिसळले की मिश्रण आक्रसते. अर्धा लिटर पाणी आणि अर्धा लिटर मद्यार्क मिळून पूर्ण लिटर भरत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे 414 मिलिलिटर पाणी लागते, आणि सरळ हिशेबाने थांबलेल्याची फेणी ठरल्यापेक्षा किंचित कडक राहते. मिसळताना द्रव तापतोही. म्हणून पाणी थोडे थोडे घालावे, मिश्रण निवू द्यावे, आणि ते खोलीच्या तापमानाला आल्यावर थर्मामीटरसह पुन्हा मोजून मगच बाटल्या भराव्यात.